उजवीकडे म्हणजे कुठे

आमच्या लालबागच्या खोलीत त्या दिवसांत जे भांडण चाललं होतं, त्यातला एकच माणूस आमच्या घरात राहायचा. दुसरा राहायचा गिरगावात, एका वाडीतल्या लाकडी जिन्याच्या घरात. बाबा इकडे गप्प, बस्त्यावकाका तिकडे गप्प. आई आणि काकांची बायको फिलूमावशी मात्र बाजारात भेटून एकमेकींना हाल सांगायच्या. आमचा काल अर्धाच जेवला, आमचा तर भिंतीकडे तोंड करून झोपतो. दोन आजारी पोरांच्या आया डॉक्टरकडे भेटाव्यात तशा. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात जात होते, आणि मला यातलं काहीच कळत नव्हतं. ज्या दोघांनी मला आळीपाळीने खांद्यावर बसवून राणीच्या बागेतले प्राणी दाखवले, ते एकमेकांशी बोलत नाहीत, ही गोष्ट डोक्यात शिरायलाच तयार नव्हती.

बाबा मालवणकडचे, गिरणीत फिटर. बस्त्यावकाका मुंबईचेच, गिरगावातले पिढ्यान् पिढ्यांचे ख्रिस्ती, गोदीत कामाला. गिरणी बंद पडली तेव्हा दोघांनी मिळून एक जुनी लाकडी लाँच घेतली आणि शिवडीच्या बंदरात बांधली. बंदराबाहेर नांगरून पडलेल्या मोठ्या जहाजांना भाजी, मटण, पिण्याचं पाणी पोचवायचं, कधी खलाशांना धक्क्यावर आणायचं, असं काम. लाँचचं नाव 'मेरी सातेरी'. काकांना मेरी हवी होती आणि बाबांना गावची देवी सातेरी. फिलूमावशी म्हणाली, दोघी बसतील, जागा आहे की. नाव रंगवणाऱ्याने 'सातेरी'ची वेलांटी चुकवली होती, ती काकांनी स्वतः ब्रशने दुरुस्त केली. त्यांना मराठी वाचता यायचं, पण लिहिताना जीभ बाहेर यायची.

आता शिवडीला त्या चिखलावरून समुद्रावर भलामोठा पूल गेलाय. लोक गाड्या घेऊन फ्लेमिंगो बघायला येतात, गळ्यात कॅमेरे. मागच्या हिवाळ्यात नातवाला घेऊन मीही गेले होते. त्याने विचारलं, आजी, इथे तुमची बोट कुठे असायची? मी हात वर केला आणि क्षणभर तो तसाच राहिला. मला बाजू सांगताना अजून असंच होतं. टॅक्सीवाल्याने 'लेफ्ट के राइट' विचारलं की मी नुसतं बोट दाखवते. घरचे हसतात. हसू देत.

रविवारी काका आमच्याकडे जेवायला यायचे. आमच्या खोलीखालच्या गल्लीत मसाला कुटायचे डंख होते. मे महिन्यात ते दिवसभर धडधडत राहायचे, भाजलेल्या मिरचीचा ठसका वरपर्यंत यायचा, आणि काका जिन्यातच शिंकायला लागायचे. त्या शिंका ऐकून आई बांगड्याच्या तिखल्याखालचा गॅस बारीक करायची. मग बांगडा खाता खाता वाद सुरू व्हायचा, की मसाला मालवणी चांगला की फिलूमावशीचा बाटलीत ठेचून भरलेला. काका म्हणायचे, "वहिनी, तुमचा मसाला जिभेवर बसते, आमचा घशात उतरते." बाबा म्हणायचे, "घशात उतरतो म्हणून तर तुझा आवाज फाटलाय." मी भात कालवत दोघांकडे बघत राहायचे. ते रविवार बंद झाले. आई तरीही बांगडे आणायची, मोजून पहिल्याइतकेच, आणि उरलेले सोमवारी आम्ही खायचो.

झालं होतं असं. एका संध्याकाळी दोघे जहाजावर सामान पोचवून परत येत होते. काका चाकावर. बाबा पुढे नाळेवर, लाँचच्या टोकाशी उभे, कारण सूर्य समोर होता आणि केबिनच्या काचेतून काही दिसत नव्हतं. बाबा ओरडून बाजू सांगत होते आणि काका चाक फिरवत होते. एका ठिकाणी बाबा ओरडले, काकांनी चाक वळवलं, आणि मेरी सातेरी नांगरून पडलेल्या एका रिकाम्या मालवाहू बार्जला जाऊन घासली. पुढच्या फळ्या फुटल्या. काकांचं कपाळ चाकावर आपटून टाके पडले. मागे सुकाणूला हिसका बसला आणि तेलाचा पाइप जोडातून निखळला. चाक गरागरा फिरायला लागलं आणि सुकाणू हलेना. दुसऱ्या एका लाँचने दोर टाकून त्यांना ओढत आणलं.

"तू डावीकडे बोललास," काका म्हणाले.

"मी उजवीकडे म्हटलं," बाबा म्हणाले.

लाँचवर तिसरं कुणी नव्हतं. धक्क्यावर मात्र बरेच लोक जमले होते, आणि कपाळाला रुमाल दाबून उभ्या काकांनी त्या सगळ्यांसमोर विचारलं, "दत्ता, प्यायला होतास काय रे?"

बाबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांनी आयुष्यात कधी थेंबाला हात लावला नव्हता. ते तसेच चालत घरी आले, शिवडीपासून लालबागपर्यंत. आईला हे सगळं दुसऱ्या दिवशी फिलूमावशीकडून कळलं. ते ऐकून ती घरी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. आईने पाण्याचा तांब्या बाबांच्या हातात दिला आणि देता देता हळूच वास घेतला. बाबांनी ते बघितलं. पुढे बरेच दिवस ते आईशीही धड बोलले नाहीत.

खरं सांगायचं तर बाबांचं त्या सुमारास काहीतरी बिनसलेलं होतंच, पण ते इतकं बारीकसारीक होतं की कुणाला काही वाटलं नाही. एकदा चपला उलटसुलट घालून ते गणेश टॉकीजपर्यंत जाऊन आले. एकदा बांगडा साफ करताना त्यांच्या बोटात काटा गेला. आई सुई तापवून बसली आणि म्हणाली, "खंयच्या बोटाक?" बाबांनी मधलं बोट पुढे केलं. रक्त शेजारच्या बोटातून येत होतं. आई म्हणाली, "ह्या न्हय, ता." बाबा पुन्हा मधलंच बोट पुढे करून म्हणाले, "हेच." आम्ही हसलो, तेही हसले. माझ्या मैत्रिणीचे वडील गिरणी बंद झाल्यापासून दिवसभर खिडकीत बसून असायचे, त्या मानाने आमचे बाबा फारच बरे होते.

फळ्या एका सुताराने बसवल्या. पाइप काकांनी नवा आणून जोडला. राहिलं होतं ते स्टिअरिंगमध्ये तेल भरून हवा काढायचं काम, आणि ते एकट्याने होण्यासारखं नव्हतं. चाकामागे एक पंप असतो, त्याच्या डोक्यावर तेल ओतायचं तोंड. पंपापासून दोन पाइप लाँचच्या पोटातून मागे सुकाणूजवळच्या सिलिंडरला जातात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. चाक एकीकडे फिरवलं की एका पाइपातून तेल जातं आणि सिलिंडरचा दांडा सुकाणूला ढकलतो. दुसरीकडे फिरवलं की उलट. पाइपात हवा राहिली तर चाक नुसतं फिरतं, कारण हवा दबते, तेल दबत नाही. म्हणून एका माणसाने पुढे चाक फिरवायचं आणि पंपात तेल कमी होऊ द्यायचं नाही. दुसऱ्याने मागे सिलिंडरच्या टोकाचा छोटा नट, त्याला निपल म्हणतात, पान्याने सैल करून नळीवाटे बुडबुडे बाटलीत सोडायचे. बुडबुडे थांबले की निपल घट्ट करायचा आणि दुसऱ्या बाजूचा धरायचा. सगळी मेख अशी की ज्या बाजूचा निपल उघडा, त्याच बाजूला चाक फिरलं पाहिजे. उलट फिरलं तर बाहेर जायची ती हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून.

म्हणजे दोघांनी सारखं बोलत राहायला हवं. आणि दोघे बोलत नव्हते. इकडे जहाजांना माल पुरवणारा एजंट सांगून गेला होता की पुढच्या आठवड्यात लाँच पाण्यात फिरली नाही तर काम दुसऱ्या लाँचला जाईल. एकदा गेलेलं काम परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

आईने मला डबा भरून दिला. घावणे, सुकं चिकन, सोलकढीची बाटली. म्हणाली, "तू जा गो वांगडा. तेंच्या मदी उभी रव. ह्येचा तेका सांग, तेचा ह्येका सांग."

"आणि भांडले तर?"

"बोलणतच नाय तर भांडतले कशे?"

शिवडीच्या बंदरात ओहोटीला सगळा चिखल उघडा पडतो आणि लाँच एका कुशीवर कलून बसते. सुकाणू चिखलात रुतलं की हलणार कसं? म्हणून भरती चढेपर्यंत थांबलो. बाबा धक्क्यावर एकीकडे, काका दुसरीकडे, आणि मी मध्ये डबा मांडीवर घेऊन. पाणी हळूहळू आलं, लाँच सरळ झाली, दोर ताणले गेले. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग तुझ्या बापाला, पाणी झाला." बाबा पाच हातांवर होते. मी सांगितलं. बाबा उठले.

शेजारी एका जुन्या जहाजाचा गंज हातोड्यांनी झोडपून काढत होते. त्या ठणठणाटात मनात असतं तरी त्या दोघांना एकमेकांचं ऐकू आलं नसतं. बाबा केबिनमध्ये चाकाशी, नरसाळं लावून तेलाचा डबा हातात. काका मागे, फळी उचलून खोबणीत कमरेपर्यंत उतरलेले. कपाळावर टाक्यांची लाल रेघ, एका हातात पाना, समोर बाटलीत सोडलेली पारदर्शक नळी. मी केबिनच्या दारात जायचे, सांगायचे, आणि धावत मागे येऊन बाटलीत काय होतंय ते बघायचे.

"उजवीकडे बोल," काका म्हणाले. "हळू हळू. मी थांब बोलेपर्यंत."

मी पुढे जाऊन सांगितलं, "बाबा, उजवीकडे. हळू."

"उजवीकडे," बाबा म्हणाले आणि मान हलवली.

मी मागे पळाले. नळीत बुडबुडे यायला हवे होते. त्याऐवजी बाटलीत जे थोडं तेल तळाशी होतं, तेच नळीत उलटं चढायला लागलं, आणि मग नळीने गुडगुड करत हवा ओढली. काकांनी झटकन निपल बंद केला.

"काय सांगितलास तू?"

"उजवीकडे."

"मग तो डावीकडे कशाला फिरवते?"

मी पुढे गेले. बाबा म्हणाले, "उजवीकडेच फिरवलं." आवाजात राग नव्हता, उलट कुणीतरी उगीच शंका घेतंय म्हणून थकवा होता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग काकांना वाटलं, आपण मागे तोंड करून बसलोय, पोरगी आपल्या उजव्या हाताचं उजवं सांगत असेल. त्यांनी मला नीट समजावलं, लाँचचं तोंड जिकडे, तिकडे तोंड करून उजवं. मी म्हटलं, मी तेच सांगतेय. मी बाबांना तसं समजावायला गेले तर बाबा म्हणाले, "एवढं मला शिकवतेस होय गो?" पुन्हा केलं. पंपात तेल कमी झालं, आता पुढूनही हवा गेली. मग काकांनी पान्याने डोकं खाजवलं आणि म्हणाले, मीच पाइप उलटे जोडले असतील काय? खोबणीत वाकून बोटांनी एकेक पाइप चाचपत ते केबिनपर्यंत गुडघ्यांवर आले आणि परत गेले. पाइप बरोबर होते. तरी त्यांचा चेहरा असा झाला की आता स्वतःवरचाही विश्वास उडालाय.

मला काय झालं ते सांगते. मला माझाच उजवा हात कळेना. मी डेकवर उभी राहून घास उचलल्यासारखा हात तोंडाशी नेला, हा जेवायचा, म्हणजे हा उजवा, असं स्वतःला सांगितलं, आणि केबिनपर्यंत जाईतो ते पुसलं गेलं. हातोडे चालूच. डेकवर तेल सांडून पाय घसरत होते. वाटलं, हे दोघे मुद्दाम करतायत. बाबा सूड घेतायत, किंवा काकाच बाबांना खोटं पाडायला निपल उलटा धरतायत. ज्यांच्याबद्दल असं कधी मनात येऊ नये, त्यांच्याबद्दल ते आलं.

शेवटी मी मागे गेलेच नाही. केबिनमध्ये बाबांच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, उजवीकडे फिरवा."

"उजवीकडे," बाबा म्हणाले, आणि दोन्ही हातांनी चाक डावीकडे फिरवलं. शांतपणे. गिरणीत वर्षानुवर्षं ज्या हातांनी यंत्रं चालवली, त्याच सवयीने. चेहऱ्यावर ना खोडसाळपणा, ना राग.

"बाबा, हे डावीकडे आहे."

ते थांबले. चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही गो. हे उजवीकडे."

"तुम्ही जेवता कोणत्या हाताने?"

त्यांनी उजवा हात वर केला. अगदी लगेच.

"मग या हाताला काय म्हणतात?"

ते त्या हाताकडे बघत राहिले. पंजा उलटासुलटा केला. बाहेर हातोडे पडत होते. "डावा," ते म्हणाले. मग थांबून, लहान मुलाने वर्गात उत्तर चुकल्यासारखं विचारावं तसं म्हणाले, "ना?"

बाबा माझा चेहरा वाचत होते, आणि वाचता वाचता त्यांचे डोळे बदलले. त्यांना भीती वाटलेली मी आधी कधी पाहिली नव्हती. गिरणी बंद झाल्याची बातमी आली त्या दिवशीसुद्धा नाही.

मागून काका आले. इतका वेळ निरोप नाही म्हणून चिडून आले होते, हातात पाना होता. दारात त्यांनी बाबांना तसं हात धरून उभं बघितलं. मी म्हटलं, "काका, बाबांना उजवं-डावं कळत नाहीये. ते खरंच उजवीकडे समजून फिरवतायत." काकांनी पाना खाली ठेवला, खिशातून फडकं काढलं आणि बाबांचे तेलाने माखलेले हात एकेक बोट धरून पुसायला लागले.

"दत्ता," ते म्हणाले. त्या सगळ्या आठवड्यांतला तो पहिला शब्द. "कधीपासून होते असा?"

"माका म्हायत नाय," बाबा म्हणाले. मुंबईत बाबा बाहेर कधी मालवणीत बोलायचे नाहीत.

"चल. आधी जेवू. मग जाऊ डॉक्टरकडे."

डेकवर तेल सांडलेलं, स्टिअरिंग हवेने भरलेलं, भरती उतरायला लागलेली, आणि आम्ही तिघे केबिनच्या सावलीत घावणे खात बसलो. काकांनी सोलकढी आधी बाबांना ओतली.

परळच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बाबांना समोर बसवलं. "आता डाव्या हाताने उजवा कान धरा बघू." बाबांनी खूप विचार केला आणि नाक धरलं. मग स्वतःच हसले. आम्हीही हसलो, डॉक्टरीणबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पुढचं विचारलं. मधलं बोट दाखवा. अंगठा दाखवा. बाबांनी दोन्ही वेळा तेच बोट दाखवलं. आई माझ्याशेजारी पदराचं टोक पिळत उभी होती. तिला तो काटा आठवला असणार, कारण ती एकदम म्हणाली, "माज्या लक्षात कसा इला नाय गो."

डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या वरच्या आवरणाला लागून, कानाच्या मागे वरती, लिंबाएवढी गाठ होती. वाईट जातीची नाही, पण वाढत होती आणि मेंदूला दाबत होती. अगदी त्या जागी, जिथे माणसाला स्वतःच्या अंगाच्या बाजू आणि बोटांची नावं कळतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. काढावी लागेल. शेजारीच बोलण्याची जागा आहे, तिला धक्का लागू शकतो.

काका हे सगळं भिंतीला टेकून ऐकत होते. डॉक्टरीणबाई गेल्यावर ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी गेले तर म्हणाले, "मी त्याला सगळ्या लोकांसमोर बोललो, प्यायला होतास काय." मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत होतं?" ते म्हणाले, "तुझ्या आईने वास घेतला, ते मी समजू शकते. मी कशाला बोललो?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांचं डोकं भादरलं होतं. काका पलंगाच्या कडेला येऊन बसले. बाबांनी डोळे न उघडता विचारलं, "तू माझ्या कुठल्या बाजूला बसलायस?"

"तुला काय करायचा? बसलोय ना?"

"सांग की."

"तू बोल. तू बोलशील ती."

बाबांनी हात चाचपत काकांच्या मनगटावर ठेवला आणि म्हणाले, "ही."

गाठ निघाली. बाबा शुद्धीवर आले, आम्हाला ओळखलं, पण बोलेनात. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, वाट बघू. दिवस गेले. आई रोज घरून पेज करून न्यायची, चमच्याने भरवायची आणि सगळी चाळ कशी आहे, डंखवाल्याकडे या वर्षी मिरची किती महाग, कोणाच्या मुलीचं ठरलं, असं एकतर्फी बोलत राहायची. बाबांचे डोळे तिच्यामागे फिरायचे. आम्हाला कळेना, त्यांना यातलं कळतंय की नुसता आवाज ऐकू येतोय. मी रात्री गादीवर पडून विचार करायचे, की ते पुन्हा बोललेच नाहीत तर त्यांच्या मनातलं आम्ही ओळखणार कसं? आणि एका दुपारी, तोंडात पेजेचा घास असताना, बाबा म्हणाले, "मीठ."

आईने चमचा खाली ठेवला आणि पदर तोंडात कोंबून रडली. मग उठून शेजारच्या पलंगापाशी बसलेल्या बाईंकडून मीठ मागून आणलं.

एजंटचं काम दुसऱ्या लाँचकडे गेलं होतं, ते गेलंच. काकांनी मेरी सातेरी तशीच बांधून ठेवली. फिलूमावशी सांगायची, दोन माणसं घेऊन हवा काढून टाक म्हटलं तर ऐकत नाही, म्हणतो दत्ता आल्यावर. बाबा घरी आले, हळूहळू चालायला लागले. शब्द परत आले, आधी मालवणी आणि मग मराठी. उजवं-डावंही बरंचसं परत आलं, पण विचारलं की ते आधी घास उचलल्यासारखा हात थोडा हलवायचे आणि मग सांगायचे. आणि त्या संध्याकाळी नाळेवरून ते नक्की काय ओरडले होते, हे त्यांना काही केल्या आठवेना. पुढे एकदा काका म्हणाले, माझंच ऐकण्यात चूक झाली असेल, वारा होता. वारा होता की नव्हता, की ते बाबांसाठी तसं म्हणाले, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. ते दोघेही आता नाहीत. विचारू कोणाला?

पावसाळा संपल्यावर आम्ही पुन्हा शिवडीला गेलो. या वेळी चाकावर मी. काका मागे खोबणीत. बाबा केबिनच्या दाराशी स्टुलावर, डोक्यावर आईने विणलेली टोपी, मांडीवर तेलाचा डबा. पंपात तेल ओतायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. जुन्या जहाजाचा गंज काढून झाला होता, त्यामुळे शांतता होती. काकांनी आधीच जाहीर केलं, "आज कोणी उजवं-डावं बोलायचा नाय. या बाजूला धक्का हाय, त्या बाजूला पाणी हाय. समजला?"

"धक्क्याकडे!" काका मागून ओरडले. मी धक्क्याकडे चाक फिरवलं. मागून बुडबुड्यांचा आवाज नाही आला, पण काकांचा आला, "येते, येते, येते... थांब!" बाबांनी पंपात डोकावून तेल ओतलं. "पाण्याकडे!" मी पाण्याकडे फिरवलं. पुन्हा धक्क्याकडे, पुन्हा पाण्याकडे. चाक आधी पोकळ होतं, नुसतं गरगरायचं. मग हळूहळू त्यात जोर यायला लागला, हाताला काहीतरी सापडल्यासारखा. काका मागून म्हणाले, "आता नुसता तेल येते. बस." त्यांचा आवाज फाटला होता, तो मसाल्याने नव्हता.

दोर सोडले. काकांनी इंजिन चालू केलं आणि मला म्हणाले, तूच ने. बाबा पुढे जाऊन नाळेजवळ बसले. आम्ही धक्क्यापासून दूर गेलो, शिवडीचा किल्ला मागे पडला, समोर मोकळं पाणी आणि थोड्या अंतरावर एक नांगरलेली बार्ज.

"पाण्याकडे घे!" काका ओरडले.

मी चाक धरून उभी. सगळीकडेच पाणी होतं. "कुठल्या पाण्याकडे?"

काकांनी तोंड उघडलं आणि त्यांना शब्द सापडेना. मी त्यांच्याकडे बघतेय, ते माझ्याकडे. लाँच सरळ चाललीय. मग आम्हा दोघांना हसू फुटलं, आणि चाक माझ्या हातात तसंच.

बाबांनी पुढून मागे वळून बघितलं. नुसता हात लांब केला, पूर्ण, खांद्यापासून बोटांपर्यंत, आणि तसाच धरून ठेवला. मी तिकडे चाक फिरवलं. मेरी सातेरी वळली.